कॅप बसवलेली दाढ दुखते, हिरडी सुजते: थांबायचं कधी, धावायचं कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६१, मधुमेह आहे. डावीकडची खालची, अक्कलदाढेच्या पुढची दाढ. तीन बैठकांत रूट कॅनाल झालं आणि झिरकोनियाची (पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची) कॅप बसवून आता तीन आठवडे झाले. पहिल्या दिवसापासून त्या बाजूने चावलं की दुखतं. मध्ये औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून पाच दिवस घेतलं, तेव्हा बरं वाटलं. आता पुन्हा ठणका लागलाय आणि कालपासून हिरडी सुजली आहे. दवाखान्यातून उत्तर मिळालं की नस काढलेली आहे, दुखायचं कारण नाही, थोडे दिवस जाऊ द्या. तर थांबायचं, पुन्हा औषध घ्यायचं, की दाढ काढूनच टाकायची?

रूट कॅनाल हेच माझं रोजचं काम आहे आणि असे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. उत्तर आधी देतो, कारणं नंतर. थांबू नका. अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स स्वतःहून सुरू करू नका. आणि कारण सापडल्याशिवाय दाढ काढू नका. उद्या, फार तर परवा, आईंना खुर्चीत बसवून नीट तपासणी झाली पाहिजे.

पण त्याआधी आजच एक गोष्ट पाहा. सूज फक्त तोंडाच्या आत, हिरडीपुरती आहे का? की जबड्याच्या कडेखाली, गळ्याकडे उतरते आहे? तोंड किती उघडतं? स्वतःची दोन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये जात नसतील, थुंकी गिळताना त्रास होत असेल, जिभेखालचा भाग वर उचलल्यासारखा वाटत असेल, आवाज बदलला असेल किंवा ताप १०१ च्या वर असेल, तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका. रात्र असली तरी मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या. श्वास घ्यायला त्रास वाटला तर एक मिनिटही घालवू नका.

हे घाबरवायला लिहीत नाही. आईंची दाढ नेमकी जिथे आहे, त्या जागेमुळे लिहितो आहे. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला तोंडाचा तळ पेलून धरणारा एक पसरट स्नायू असतो. पुढच्या दातांची मुळं साधारणपणे त्याच्या वर संपतात, पण अक्कलदाढ आणि तिच्या पुढची दाढ यांच्या मुळांची टोकं बहुधा त्याच्या खाली असतात. त्यामुळे इथला पू तोंडात न फुटता थेट जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला उतरू शकतो. दोन्ही बाजूंनी असा संसर्ग पसरून श्वासच अडवण्याच्या अवस्थेचं वर्णन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये केलं आणि आजही तिला त्यांच्याच नावाने, लुडविग्ज अँजायना, म्हणतात. ती क्वचित होते. पण साखर ताब्यात नसलेल्या माणसात संसर्ग पसरायला वेळ लागत नाही, म्हणून आईंच्या बाबतीत मी जास्त काटेकोर राहीन.

यातलं काहीही नसेल, तर पुढचं शांतपणे वाचा.

“नस काढली तरी दुखतं कसं?” हा प्रश्न रुग्ण विचारतात तो अगदी रास्त असतो. रूट कॅनालमध्ये आम्ही दाताच्या आतली नस काढतो. मुळाच्या बाहेरच्या नसा तिथेच राहतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ थर असतो आणि त्यात दाब ओळखणाऱ्या, वेदना ओळखणाऱ्या भरपूर नसा असतात. दाताखाली खडा आला की क्षणात कळतं ते याच थरामुळे. नस काढलेल्या दाताला गार-गरम कळत नाही, पण चावलेलं कळतं आणि हा थर सुजला असेल तर चावताना दुखतंही. रुग्ण सांगतात, “दात वर आल्यासारखा वाटतो, तोंड मिटलं की तोच आधी लागतो.” ते अगदी खरं असतं. म्हणून “नस काढली, आता दुखणार नाही” हे वाक्य अर्धवट आहे. ते ऐकून रुग्णाला उगाच वाटतं की आपण दुखण्याचा बाऊ करतोय.

रूट कॅनालनंतर थोडं दुखणं अपेक्षितच असतं. आत उपकरणं फिरतात, औषधी पाण्याने धुतलं जातं, सूक्ष्म कचरा मुळाच्या टोकाबाहेर ढकलला जातो आणि शरीर त्याला उत्तर देतं. पहिले दोन-तीन दिवस ते जास्त जाणवतं, मग उतरत जातं आणि आठवड्याभरात बहुतेकांचं जवळजवळ थांबतं. मुळाशी आधीपासून पू असलेला किंवा दुसऱ्यांदा रूट कॅनाल होत असलेला दात जरा जास्त त्रास देतो. मी रुग्णांना एवढंच पाहायला सांगतो की दुखणं कुठल्या दिशेने चाललंय. रोज कालच्यापेक्षा कमी होत असेल तर वाट पाहायला हरकत नाही. एकाच पातळीवर अडकून बसलं असेल, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर त्याला शोधण्याजोगं कारण आहे. आईंचं दुखणं तीन आठवडे अडकलेलं आहे आणि आता त्यावर सूज आली आहे. हे नेहमीचं उतरतं दुखणं नव्हे.

आता कारणांकडे येऊ. सर्वांत साधं कारण म्हणजे कॅप किंचित उंच असणं. केसाच्या जाडीएवढा फरकही त्या थराला सहन होत नाही, कारण दिवसभर गिळताना, झोपेत दात आवळताना तोच दात आधी मार खातो. कॅप बसवताना डॉक्टर निळा किंवा लाल कागद दातांत धरून “चावा” म्हणतात, तो याचसाठी. तो नीट कसा बघायचा, हे रुग्णालाही माहीत असलेलं बरं. दात कापसाने कोरडे केलेले हवेत. ओल्या दातावर खूण उमटतच नाही. खुर्ची सरळ करून बसवून पाहायला हवं, कारण आडवं झोपलेल्या माणसाचा जबडा थोडा मागे जातो आणि चाव बदलतो. नुसतं टकटक चावून भागत नाही, जबडा डावी-उजवीकडे घासूनही बघावं लागतं. कॅपवर कुठे मधोमध पांढुरका ठिपका आणि भोवती गडद निळं कडं असं उमटलं, तर तिथे दाब जास्त आहे असं समजायचं. नुसत्या फिकट निळ्या डागांची चिंता नसते. आणि जबड्याला भूल दिलेली असताना रुग्णाच्या “बरोबर वाटतंय” या शब्दावर विसंबता येत नाही. भूल उतरल्यावर घरी गेल्यावरच खरा चाव कळतो.

उंची असेल तर दुरुस्ती पाच-दहा मिनिटांची आहे. बारीक डायमंड बरने, म्हणजे हिऱ्याची पूड लावलेल्या घासणीने, पाणी मारत तो ठिपका घासायचा आणि नंतर ती जागा पॉलिश करायची. झिरकोनियाच्या बाबतीत पॉलिश टाळू देऊ नका. खडबडीत राहिलेला झिरकोनिया समोरचा चांगला दात झिजवतो. कारण एवढंच असेल तर एक-दोन दिवसांत फरक पडतो आणि रुग्णाचा चेहरा बदलतो. मात्र नुसत्या उंच कॅपने सहसा पू होत नाही. आईंना सूज आहे, म्हणून कॅप घासली आणि काम संपलं, असं मी धरणार नाही.

सूज नेमकी कुठे आहे, यावरून बरंच कळतं आणि ते तुम्ही घरीही पाहू शकता. आईंना उजेडात बसवा, गाल बोटाने हलकेच बाजूला ओढा, मोबाइलचा टॉर्च धरा. कॅपची कड जिथे हिरडीला टेकते, तिथेच हिरडी लाल आणि फुगीर आहे का, हात लावला की रक्त येतं का? की फुगवटा त्याच्या बराच खाली, गाल आणि हिरडी मिळतात त्या खाचेत आहे?

कडेलाच असेल तर कारण बऱ्याचदा हिरडीपुरतं असतं. कॅप चिकटवताना बाहेर आलेलं सिमेंट हिरडीखाली राहिलं असेल. एक्स-रेमध्ये ते दोन दातांच्या मधल्या बाजूला असेल तर दिसतं, पण गालाकडे किंवा जिभेकडे अडकलेलं दिसत नाही. ते सुईसारख्या उपकरणाने चाचपूनच सापडतं. दुसरं म्हणजे कॅप आणि शेजारचा दात यांच्यात फट राहिली असेल, तर पोळीचा, भाजीचा घास रोज तिथे घुसतो आणि हिरडी ठसठसत राहते. फ्लॉस घातला आणि तो अडथळा न लागता सरळ खाली सुटला, तर फट आहे असं समजा. तिसरं, कॅपची कड हिरडीखाली हाडाच्या फार जवळ नेली असेल तर हिरडी कायम लालच राहते. यातलं सिमेंट काढून मिटतं, फट असेल तर कॅप बदलावी लागते आणि तिसऱ्यासाठी हिरडीवर छोटी शस्त्रक्रिया लागू शकते.

फुगवटा खाली खाचेत असेल, किंवा तिथे एखादी पुळी येऊन फुटते, खारट-घाणेरडी चव येते आणि फुटली की दुखणं कमी होतं, असं असेल तर पू बहुधा मुळाच्या टोकाकडून येतो आहे. पुळी फुटून बरं वाटलं म्हणजे रोग गेला असं नव्हे. पुवाला वाट मिळाली, एवढंच. अशा पुळीत आम्ही रूट कॅनाल भरतानाची गटापर्चाची, म्हणजे रबरासारख्या पदार्थाची, बारीक काडी अलगद सरकवतो आणि एक्स-रे काढतो. काडीचं टोक कुठल्या मुळाशी जाऊन थांबतं ते फोटोत स्पष्ट दिसतं. कधीकधी ती शेजारच्याच दाताकडे जाते आणि सगळा तपास त्या दिशेने वळतो.

मुळाशी संसर्ग का राहतो? मूळ म्हणजे एक सरळ नळी, असं चित्र लोकांच्या मनात असतं. प्रत्यक्षात आत फाटे, पूल, वळणं असतात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत चौथी नळी बहुसंख्य लोकांत असते आणि ती न सापडणं हे अपयशाचं नेहमीचं कारण आहे. आईंच्या दाढेत, म्हणजे खालच्या दुसऱ्या मोठ्या दाढेत, आणखी एक प्रकार भेटतो. मुळं एकमेकांना चिकटलेली असतात आणि आतल्या नळ्या सुट्या नसून इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी एकच चिंचोळी फट असते. आशियाई लोकांत हे जास्त आढळतं. गोल उपकरणाने अशी फट पूर्ण साफ होत नाही, कोपऱ्यात जिवाणू राहतात. साध्या एक्स-रेमध्ये हे कळेलच असं नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. तो प्रत्येकाला उठसूट काढायचा नसतो, पण आईंसारख्या परिस्थितीत साध्या फोटोवरून उलगडा झाला नाही तर मी तो नक्की सांगेन.

जिवाणू हेच या रोगाचं खरं कारण आहे, हे १९६५ मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवून दिलं. दाताची नस उघडी पाडली तर नेहमीच्या उंदरांत ती सडली, पण पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत सडली नाही, उलट जखमेवर नवीन कठीण थर धरू लागला. तेव्हापासून आमची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी आहे: आतले जिवाणू कमी करायचे आणि नवीन शिरू द्यायचे नाहीत. म्हणूनच काम करताना दाताभोवती रबर डॅम, म्हणजे लाळ अडवणारा रबराचा पातळ पडदा, लावतात, म्हणूनच रूट कॅनालनंतर कॅप महिनोन्महिने लांबवू नये म्हणतात. तात्पुरतं सिमेंट झिजलं, निघालं की लाळ आत झिरपते आणि उत्तम भरलेली नळीही पुन्हा दूषित होते. आईंच्या कॅपआधी तात्पुरतं सिमेंट पडलं होतं का, किती दिवस दात उघडा होता, हे आठवून डॉक्टरांना सांगा.

अँटिबायोटिकने बरं वाटून पुन्हा दुखायला लागलं, याचं कोडंही इथेच सुटतं. गोळी रक्तातून पोचते. नस काढलेल्या दाताच्या आत रक्तपुरवठाच नसतो. मुळाबाहेरच्या पेशींत पसरलेले जिवाणू औषधाने मरतात, सूज बसते, पण आत दडलेल्यांपर्यंत औषध जात नाही. कोर्स संपला की ते पुन्हा बाहेर. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ च्या मार्गदर्शनात हेच सांगितलं आहे की दातावर प्रत्यक्ष उपचार होऊ शकत असेल तर दाताच्या नसेच्या आणि मुळाशी झालेल्या बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक देऊ नये. ताप, अंग मोडून येणं, पसरणारी सूज असेल तेव्हा ते हवंच, आणि तेव्हाही उपचाराच्या जोडीला. आपल्याकडे मात्र दाढ दुखली की दुकानदार पट्टी कापून देतो आणि लोक दोन दिवस घेऊन बंद करतात. याने मला मनापासून वाईट वाटतं. दुखणं झाकलं जातं, तपासणी लांबते आणि खरी गरज पडते तेव्हा ते औषध चालेलच याची खात्री राहत नाही.

आता ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते कारण: मुळाला उभी चीर. रूट कॅनाल झालेल्या दातात, विशेषतः आत आधारासाठी जाड पोस्ट (दांडी) ठोकलेला असेल तर, मूळ उभं तडकू शकतं. एक्स-रेमध्ये चीर सहसा दिसत नाही. ती पकडायची साधी युक्ती अशी: मिलिमीटरच्या खुणा असलेलं बोथट प्रोब दात आणि हिरडीच्या फटीतून सगळ्या बाजूंनी हळूहळू फिरवायचं. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर, दोन-तीन मिलिमीटर असं लागत जातं आणि एकाच अरुंद जागी ते एकदम आठ-नऊ मिलिमीटर खाली उतरतं. तिथे चिरेचा दाट संशय घ्यायचा. तपासणीच्या वेळी हे प्रोब फिरवलं गेलं का, हे तुम्ही विचारू शकता. चीर नक्की झाली तर दाढ वाचत नाही, ती काढणंच योग्य. काढायला उशीर केला तर भोवतीचं हाड झिजत जातं आणि पुढे इम्प्लांटलाही जागा उरत नाही.

काही वेळा दुखणारा दात भलताच असतो. शेजारच्या दाढेची कीड, अर्धवट आलेल्या अक्कलदाढेची सुजलेली हिरडी, रात्री दात आवळून आखडलेला गालाचा स्नायू, वरच्या दाढांच्या बाबतीत सायनस. आईंची अक्कलदाढ अजून तोंडात असेल तर ती तपासून घ्याच.

एक लक्षण वेगळं सांगतो कारण त्याला वेळेची मर्यादा आहे. खालच्या दाढांच्या मुळांखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. रूट कॅनालनंतर भूल उतरूनही खालचा ओठ किंवा हनुवटीची एक बाजू बधिर राहिली, मुंग्या येत राहिल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं असतं. भरलेलं औषध नसेपर्यंत गेलं असेल तर ते लवकर काढण्यालाच अर्थ असतो.

मग दाढ काढायची का? चीर नसेल तर माझं उत्तर नाही असंच आहे. पुन्हा रूट कॅनाल करता येतं आणि त्यासाठी कॅप तोडावीच लागते असं नाही. कॅपला वरून छोटं भोक पाडून आत जाता येतं, नंतर ते कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगने, बुजवतात. ते जमलं नाही तर मुळाचं टोक शस्त्रक्रियेने कापून मागून भरतात. मात्र या दाढेच्या बाहेरचं हाड जाड असतं आणि नस जवळ, त्यामुळे इथे ते अवघड पडतं. म्हणून काही वेळा दाढ अलगद काढून, बाहेर दुरुस्त करून, काही मिनिटांत परत बसवतात. दुसरं असं की आई हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध घेतात का, आठवड्याची गोळी किंवा सहा महिन्यांचं, वर्षाचं इंजेक्शन? घेत असतील तर दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो आणि निर्णय आणखी जपून घ्यावा लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दलही आधीच सांगा, पण त्या स्वतःहून बंद करू नका.

तपासणी होईपर्यंत दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० घेता येईल, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून. यकृताचा आजार असेल तर तेही विचारूनच. आयबुप्रोफेन दाताच्या दुखण्यावर अधिक चांगलं चालतं, पण मधुमेहासोबत मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाबाच्या गोळ्या, जठराचा अल्सर किंवा दमा असेल तर ते आपल्या मनाने देऊ नका. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या चालतील. गालावर बाहेरून गरम शेक नको. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका आणि लवंगेचं तेलही ओतू नका, दोन्हींनी हिरडी भाजते.

साखरेकडे दोन्ही बाजूंनी लक्ष ठेवा. संसर्गात साखर चढते, म्हणून दोन-तीन दिवस घरी मोजत राहा. आणि दुखतं म्हणून जेवण सुटलं पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं, तर साखर एकदम उतरते. मऊ भात, वरण, खिचडी दुसऱ्या बाजूने का होईना, वेळेवर खाऊ द्या. नाहीच खाल्लं गेलं तर औषधाच्या मात्रेबद्दल मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा.

जायचं आधी त्याच दंतवैद्यांकडे. आत काय सापडलं ते त्यांनी पाहिलेलं आहे आणि कॅप घासण्यासारखं साधं काम असेल तर ते तिथेच होईल. जाताना नेमकं विचारा: नळ्या किती सापडल्या, आधीचा आणि भरल्यानंतरचा एक्स-रे बघता येईल का, चाव तपासाल का, प्रोब फिरवाल का. त्यांनी स्वतःच एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे, पाठवलं तर तो त्यांचा प्रामाणिकपणा समजा. पुन्हा नुसतं “जाऊ द्या” ऐकायला मिळालं, तर एक्स-रेच्या प्रती मागून घ्या आणि दुसरं मत घ्या. खासगी परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं नायर दंत रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे एंडोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे गर्दी असते, सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो, पण काम तज्ज्ञ अध्यापकांच्या देखरेखीखाली होतं.

आणि एक्स-रेमध्ये मुळाशी काळी सावली दिसली म्हणून लगेच खचून जाऊ नका. आधीपासून असलेली सावली रूट कॅनालनंतर तीन आठवड्यांत जात नाही. हाड भरून यायला सहा महिने ते वर्ष, काहींना तीन-चार वर्षंही लागतात, मधुमेहात थोडं अधिक. म्हणून उपचाराआधीचा फोटो शेजारी ठेवूनच आत्ताचा वाचायचा असतो: सावली वाढली आहे, तेवढीच आहे, की कडेने भरू लागली आहे. दुखणं थांबल्यावरही सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा एक्स-रे काढायला आईंना घेऊन जा.